किटली, चमचा आणि दुःखदबाई

दुःखदबाईंइतकी हसरी बाई त्या वर्तमानपत्राच्या इमारतीत दुसरी नव्हती. तरीही निधनवार्तांचे टेबल त्यांच्याकडे होते, आणि त्या नोकरीला लागल्यापासून वर्तमानपत्र बंद पडेपर्यंत ते त्यांच्याकडेच राहिले. 'दुःखद निधन' या दोन शब्दांनी त्यांचा दिवस सुरू व्हायचा, म्हणून छपाईखात्यातल्या कुणीतरी त्यांना दुःखदबाई म्हटले आणि ते चिकटले ते चिकटलेच. त्यांनाही आवडले. फोन उचलून "दुःखद बोलतेय" म्हणाल्या की पलीकडचा माणूस क्षणभर गप्प व्हायचा, तेवढ्यात त्या पेन शोधून घेत.

लोक रडत यायचे. बाई खुर्ची द्यायच्या, पाणी द्यायच्या, आणि मग अगदी साध्या आवाजात विचारायच्या, "मनमिळाऊ लिहू का? खरंच होते, की नुसतं लिहायचं?" एका सुनेने या प्रश्नावर बराच विचार केला होता आणि शेवटी डोळे पुसून म्हणाली होती, "शिस्तप्रिय लिहा." दोघी एकमेकींकडे बघून हसल्या होत्या, आणि ती सून पुढे दरवर्षी त्यांना भेटायला येत असे.

घरी सासूबाई होत्या. त्यांनी स्वतःची निधनवार्ता आगाऊच लिहवून घेतली होती आणि दर दोन-चार महिन्यांनी त्यात दुरुस्त्या सुचवत.

"ते 'वृद्धापकाळाने' काढ."

"मग कशाने लिहू? 'अल्पशा आजाराने' लिहितात."

"आजार नकोच. 'कंटाळून' लिही."

"आई, असं कुणी छापत नाही."

"तू छाप की. तुझंच तर टेबल आहे."

बाईंनी त्या कागदावर 'कंटाळून' लिहिले.

मग एके दिवशी टेबलच राहिले नाही. वर्तमानपत्र बंद पडले. शेवटच्या अंकात बाईंनी त्याचीही एक छोटी निधनवार्ता चौकटीत टाकली, 'पश्चात वाचक व थकलेला पगार असा परिवार आहे' अशी. संपादकांनी ती न वाचताच सही केली.

त्यानंतर बाई घरी बसल्या आणि घराचे हाल सुरू झाले. बाईंनी डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, मग त्या चिठ्ठ्यांचे शुद्धलेखन तपासले, मग कपाटे उलटी लावली. नवरा फिरतीच्या नोकरीवर, त्यामुळे सगळा मारा सासूबाईंवर. दुपारी डोळा लागला की बाई हळूच येऊन विचारत, "आई, झोपलात का?" शेवटी सासूबाईंनी स्वतः फोन लावला. बाईंच्या बहिणीच्या मुलीला.

"तुझ्या मावशीला काहीतरी काम दे," त्या म्हणाल्या. "ती घरी बसली की मला म्हातारं झाल्यासारखं वाटतं."

भाचीची कंपनी सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती. जिन्यात रबराच्या सोल्यूशनचा वास, आणि खाली कुणी ट्यूब फुगवली की वर फुसफुस ऐकू यायची. तिथे एक सॉफ्टवेअर तयार झाले होते. भाचीने ते मावशीला बादलीवरून समजावले.

"बादली घे. तिचं प्लास्टिक कुठून आलं, साचा गरम करायला वीज किती लागली, दुकानापर्यंत ट्रक किती फिरला, घरात किती वर्षं वापरली आणि फुटल्यावर कुठे गेली, हे सगळं यात भरायचं. मग सॉफ्टवेअर सांगतं, त्या एका बादलीपायी हवेत धूर किती गेला, पाणी किती लागलं, माती किती खराब झाली."

"म्हणजे बादलीचं चरित्र."

"तसंच काहीसं."

"आणि शेवटी निधन."

"मावशी, प्लीज."

काम होते ते हे सगळे मराठीत आणायचे. भाचीच्या भागीदाराला ते काम बाईंना देणे मुळीच पसंत नव्हते. या तरुणाला सगळे दशांश म्हणत, कारण कसा आहेस विचारले तरी तो टक्केवारीत सांगायचा आणि टिंबानंतरचा आकडाही द्यायचा. त्याचे म्हणणे, भाषांतर मशीन करते, फुकट करते आणि खुर्ची अडवत नाही. नमुना म्हणून त्याने मशीनकडून एक ओळ करून आणली होती: 'अंत-जीवन उपचार परिदृश्य विकल्प निवडा'.

"याचा अर्थ काय?" बाईंनी विचारले.

"तो शब्दांतच आहे."

"मग अजून आतच असेल. बाहेर आलेला नाही."

शेवटी ठरले असे. किटल्यांचा एक कारखाना पहिले गिऱ्हाईक होण्याच्या बेतात होता, आणि त्या लोकांना सगळे मराठीतच हवे होते. त्यांनी सॉफ्टवेअर घेतले तर बाई कायम. नाही घेतले तर पुढच्या महिन्यापासून मशीन. हे सांगताना भाची खिडकीबाहेर बघत होती. "मावशीला वशिल्याने ठेवलं असं व्हायला नको ना," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं," आणि जिना उतरताना त्यांना पुढचा महिना दिसू लागला. पुन्हा ती कपाटे, ते डबे, आणि डोळे मिटून झोपेचे सोंग घेणाऱ्या सासूबाई.

दशांशाने त्यांना नुसते इंग्रजी शब्द दिले, तुटक, एकाखाली एक. कुठला शब्द कुठल्या स्क्रीनवर येणार ते दाखवले नाही. "गरज नाही," तो म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द." आता तुम्हीच बघा, त्या शब्दांत काय काय होते. पाळणा होता. आईवडील होते, मूल होते, एकाच घरातून निघालेली भावंडे होती. सेवेचा काळ होता, आयुष्याची अखेर होती, त्या अखेरीचे उपचार होते, जाळणे होते, पुरणे होते आणि शेवटी मागे काय उरले तेही होते. बाईंना वाटले आपण जुन्या टेबलावरच येऊन बसलो. हात सरसर चालू लागला.

प्रत्येक शब्द त्या घरी सासूबाईंवर चालवून बघत. सासूबाईंना कळला तर पास, त्यांनी "काय?" म्हटले तर नापास. वस्तू किती वर्षे टिकते त्याला झाला 'सेवाकाळ'. मोडल्यावर तिचे काय करायचे त्याला 'अखेरचे उपचार'. त्याखाली तीन पर्याय: भट्टीत जाळली तर 'दहन', खड्ड्यात पुरली तर 'दफन', वितळवून नवे काही केले तर 'पुनर्जन्म'. हे तिन्ही सासूबाईंनी एकदा मोठ्याने वाचले आणि खूष होऊन म्हणाल्या, "माणसांना इतके पर्याय कुणी देत नाही."

मग एक अवघड शब्द आला. एकाच कच्च्या मालातून दोन वस्तू निघाल्या, तर त्या मालाच्या धुराचा भार कुणाच्या नावावर किती टाकायचा, त्यासाठीचा. बाईंनी पेन दातांत धरले.

"आई, एकाच घरातून निघालेल्या भावंडांत ओझं विभागायचं, याला काय म्हणू?"

"वाटणी," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "भावंडं आली की वाटणी आली. त्यात विचारायचं काय?"

बाईंनी लिहिले, 'भावंडांतील वाटणी'. त्याखाली: 'वजनाप्रमाणे', 'किमतीप्रमाणे', 'वाटणी नको'.

दशांशाने हे सगळे सॉफ्टवेअरमध्ये घातले, पण वाचले नाही. आकडे बरोबर आले की त्याचे वाचन संपायचे. भाचीची घाई तर विचारूच नका.

किटल्यांच्या कारखान्यात जाताना गाडीत भाचीने मालकांची माहिती दिली. दोघे भाऊ. वडील गेले तेव्हा पत्रा कापायचा प्रेस थोरल्याकडे आला. तो पत्र्याच्या गोल चकत्या पाडून शिट्टीच्या किटल्या करतो. चकत्यांच्या मधून जी कातरण उरते ती धाकट्याला मिळाली, तो तिच्यातून चमचे ठोकतो. ही व्यवस्था तात्पुरती होती, तिला आता जमाना झाला. थोरला चमच्यांना कातरण म्हणतो. धाकटा म्हणतो, किटली माणूस एकदा घेतो, चमचे डझनाने लागतात. दोघांचे बोलणे बंद आहे. आता परदेशातल्या दुकानांच्या एका साखळीने मागणी केली आहे की किटलीवर आणि चमच्यावर, ती वस्तू बनवताना धूर किती झाला तो आकडा छापा, नाहीतर माल नको. म्हणून हे सॉफ्टवेअर.

"बोलणं बंद, तर धंदा कसा करतात?" बाईंनी विचारले.

"मध्ये जो असेल त्याच्यामार्फत. खोलीत कुणी नसलं तर रखवालदाराला फोन करून निरोप सांगतात. तो दुसऱ्याला फोन करतो."

"एकाच खोलीत बसून?"

"पाठीला पाठ लावून."

खरोखर तसेच होते. पत्र्याच्या शेडमध्ये प्रेस धाडधाड आपटत होता, जमिनीवर कातरणीच्या जाळ्या पडल्या होत्या, आणि काचेच्या खोलीत दोन टेबले पाठीला पाठ लावून मांडलेली. थोरले जाड भिंगांचे, धाकटे बारीक मिशीचे, आणि चेहरे इतके सारखे की एकाचा चष्मा आणि दुसऱ्याची मिशी काढली असती तर रखवालदारही फसला असता. समोर भिंतीवर प्रोजेक्टरने चित्र पाडायचे म्हणून दोघांना खुर्च्या वळवाव्या लागल्या. ते शेजारी शेजारी बसले, मध्ये एक रिकामी खुर्ची ठेवून. भाचीने मावशीला त्या खुर्चीवर बसवले. दुसरी खुर्चीच नव्हती.

"बाई," थोरले लगेच म्हणाले, "त्यांना सांगा, पाय हलवायचे थांबवा. टेबल हलतं."

बाईंनी धाकट्यांकडे वळून सांगितले, "थोरले बंधू विचारतात, बसायला नीट जागा आहे ना?"

धाकट्यांनी थोरल्यांचे म्हणणे स्वच्छ ऐकले होते. त्यांनी बाईंकडे चमकून पाहिले. "त्यांना सांगा, माझ्या पायांची काळजी तुम्ही करू नका."

"धाकटे म्हणतात, तुम्ही काळजी करता हे त्यांना माहीत आहे."

थोरल्यांनी घसा साफ केला. पाय मात्र थांबले.

दशांशाने डेमो सुरू केला. पत्रा कुठून येतो, वीज किती, ट्रक किती, सगळे सुरळीत. सेवाकाळ पंधरा वर्षे. मग पुढचे पान भिंतीवर आले आणि दशांश नेहमीसारखा मोठ्याने वाचू लागला, "किटलीचे अखेरचे उपचार. दहन, दफन..." इथे त्याचा आवाज बारीक झाला. "...पुनर्जन्म."

भाचीने जमिनीकडे पाहिले. बाईंनी भिंतीकडे पाहिले. आपले शब्द इतके मोठे त्यांनी प्रथमच पाहिले होते, आणि त्या तुटक शब्दांचे असे पान होणार हेही आत्ताच कळत होते. 

थोरल्यांनी चष्मा पुसला. "किटली जाळणार कशी? स्टील आहे. पुनर्जन्म लावा. भट्टीत गेली की परत पत्रा होतो."

"बाई, त्यांना सांगा," धाकटे म्हणाले, "पत्रा होईल. पण पुढच्या जन्मी किटलीच होईल असं नाही. चमचाही होईल."

हा निरोप बाईंनी जसाच्या तसा पोचवला. त्यात सुधारण्यासारखे काही नव्हते.

थोरल्यांनी "हं" केले. दशांशाने घाईघाईने पुढचे पान काढले, आणि भिंतीवर आले: 'भावंडांतील वाटणी'. खाली प्रश्न: 'कशी करायची?'

दोघा भावांनी ती ओळ वाचली. बाहेर प्रेस आपटत होता.

"हे कुणी लिहिलं?" थोरल्यांनी विचारले.

"यांनी," दशांश एका श्वासात म्हणाला. "चूक आहे ती. तिथे 'विनियोजन' हवं. मी आत्ता बदलतो, एक मिनिटही लागणार नाही."

बाईंच्या डोळ्यांपुढे डब्यांवरच्या चिठ्ठ्या उभ्या राहिल्या.

"बदलू नका," थोरले म्हणाले. "विनियोजन ठाऊक नाही मला. राहिलीय ती वाटणीच."

"वाटणी नको," धाकटे तत्परतेने म्हणाले. "तो तिसरा पर्याय लावा. कातरण म्हणजे कचरा. कचऱ्याला कसला आलाय धूर? सगळा किटलीच्या नावावर टाका."

"बाई, यांना विचारा, कचरा कधीपासून झाला? दुकानदारांपुढे काय सांगत असतात? किटलीपेक्षा चमचा मोलाचा, असं सांगत असतात. मी बाहेरून ऐकलंय."

बाई वळल्या. "थोरले म्हणतात, तुमचं बोलणं ते लक्ष देऊन ऐकतात."

भाचीने हळू आवाजात समजावले की कातरण वापरली जाते, विकली जाते, तर तिला कचरा म्हणता येणार नाही; दुकानांची साखळी ते मान्य करणार नाही. तेव्हा वजन किंवा किंमत. दशांशाला आकडे दिसले आणि त्याच्यात जीव आला. "किमतीप्रमाणे केलं तर ज्याची किंमत जास्त त्याच्या नावावर धूर जास्त," तो म्हणाला. "अगदी सोपं आहे."

ते किती सोपे आहे हे दोघा भावांच्या एकदमच लक्षात आले. बाईंनाही आले, आणि त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली, कारण हसू येत होते. जन्मभर थोरला चमच्याला कातरण म्हणाला होता आणि धाकटा चमच्याला सोने. आता धूर दुसऱ्याच्या नावावर ढकलायचा तर थोरल्याला चमचा सोन्याचा म्हणावा लागणार होता आणि धाकट्याला कातरणीचा.

थोरल्यांनी सुरुवात केली. शब्द जड जात होते. "बाई, त्यांना सांगा... चमचा चांगला आहे."

"चांगला म्हणजे कसा?" बाईंनी जुन्या सवयीने विचारले. "खरंच चांगला, की नुसतं म्हणायचं?"

"खरंच. देठाला बाक देतात ना ते, तो बाक दुसऱ्या कुणाला जमत नाही. मी एकदा करून पाहिला होता."

"कधी?" धाकटे बाईंना म्हणाले. "विचारा त्यांना, कधी?"

"ते गावाला गेले होते तेव्हा. सहा चमचे वाया गेले. सांगा."

धाकट्यांनी मिशी चोळली. पण धुराचा भार डोक्यावर येत होता, गप्प राहून चालणार नव्हते. "त्यांना सांगा, चमच्यात काय आहे? वाकतो, हरवतो. किटलीची शिट्टी बघा. एका सुरात वाजते. वडिलांच्या हातची नुसती फुसफुसायची. ती शिट्टी यांनी सुधारली, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो."

"कुठल्या गिऱ्हाइकांना?" थोरले म्हणाले. "विचारा."

"सगळ्या. ते समोर नसताना."

बाई डावीकडे वळत होत्या, उजवीकडे वळत होत्या, आणि आता एक शब्दही बदलत नव्हत्या. त्यांच्या जुन्या टेबलावर अशी विशेषणे माणूस गेल्यावर यायची. इथे दोघेही धडधाकट बसले होते, आणि एकमेकांना खड्ड्यात घालण्यासाठी एकमेकांची स्तुती करत होते.

"लिहून घेऊ का?" त्यांनी विचारले. "थोरले: चमच्याला तोड नाही. धाकटे: शिट्टीला तोड नाही."

"घ्या," थोरले म्हणाले. "आणि हेही घ्या की चमच्यांमुळे दुकानात नाव आहे. किटली कोण विचारतो?"

"दादा, काहीतरीच बोलू नकोस," धाकटे ताडकन म्हणाले. "आपलं दुकानात नाव आहे ते किटलीवर. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

प्रेस थांबला होता, जेवणाची सुट्टी झाली असावी, त्यामुळे ते फार मोठ्याने ऐकू आले. धाकटे खुर्चीत मागे सरले. थोरल्यांनी पुसलेला चष्मा पुन्हा काढून पुसायला घेतला. दशांशाने तोंड उघडले आणि भाचीने त्याच्या बुटावर पाय ठेवला.

बाईंनी थोडे थांबून विचारले, "हा निरोप पोचवू का?"

"नको," थोरले म्हणाले. "ऐकू आला."

त्या दिवशी वाटणी झाली नाही. वजन की किंमत यावर दोघे संध्याकाळपर्यंत भांडले, आता बाईंच्या डोक्यावरून, थेट, आणि बाई मधून मधून नुसत्या मान इकडून तिकडे करत राहिल्या. निघताना थोरल्यांनी भाचीला सांगितले, "सॉफ्टवेअर ठेवा. शब्द बदलायचे नाहीत, आमच्या लोकांना कळतात. आणि या बाईंना दर आठवड्याला पाठवा. वाटणी एका बैठकीत होत नसते."

"आता आम्ही दोघं बोलतोय की," धाकटे म्हणाले.

"म्हणूनच पाठवा," थोरले म्हणाले.

गाडीत दशांशाने आपले आकडे पुन्हा चाळले. मग म्हणाला, "मावशी, आकडा तर आलाच नाही. किटलीचा नाही, चमच्याचा नाही."

"येईल."

"आणि ते 'पुनर्जन्म' मला अजूनही चुकीचं वाटतं."

"किती टक्के?"

त्याने विचार केला. "चाळीस पूर्णांक पाच."

"मग पास आहे," बाई म्हणाल्या. भाची पुढच्या सीटवरून मागे वळली आणि नियुक्तीपत्रात हुद्दा काय लिहू म्हणून विचारू लागली. दशांशाने 'भाषा-सहायक' सुचवले. बाईंनी 'वाटणीबाई' सांगितले, आणि भाचीला वाटले की मावशी चेष्टा करतेय.

घरी सासूबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. झोपेचे सोंग नव्हते.

"नोकरी राहिली का?"

"राहिली. कायम."

"सुटले बाई. आता दुपारी डोळा लागेल." मग त्यांनी सगळे नीट विचारून घेतले, चमचा, शिट्टी, रिकामी खुर्ची, आणि 'दादा' तर दोनदा सांगायला लावला. "मग वाटणी काय ठरली?"

"अजून काहीच नाही. पुढच्या आठवड्यात परत जायचंय."

सासूबाई जरा वेळ बोटाने चादरीवर रेघा ओढत राहिल्या. "माझा तो कागद काढ," त्या म्हणाल्या. "त्यातलं 'कंटाळून' खोड."

बाईंनी कागद काढला, पेन्सिलीने खोडले. "मग कशाने लिहू?"

"सध्या रिकामं सोड. त्या दोघांचं काय होतं ते कळल्याशिवाय मी कुठे जात नाही. तुझ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये रिकामं सोडलं तर चालतं का?"

"नाही. चौकट लाल होते."

"होऊ दे लाल," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.